केसांचे बारा ब्रोच

वर्ना क्लिंगमन माणसांच्या केसांचे दागिने करायची आणि ते इतके सुरेख असायचे की माझ्या पोटात दुखायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजून घेण्याच्या फंदात पडू नये.

आमच्या कॉपर्स रन गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी हॅलोविनचं कलाप्रदर्शन भरतं. अग्निशमन दलाचे दोन्ही बंब बाहेर रस्त्यावर काढतात आणि त्यांच्या जागी आम्ही पंधरा-वीस जण टेबलं मांडतो. लेस्टर दरवर्षी तीच काळी मांजर रंगवून आणतो, फक्त मागचा चंद्र कधी डावीकडे असतो, कधी उजवीकडे. मी चांदीच्या तारेचे कोळी करते. कानातले, गळ्यातले, अंगठीवर बसणारे. बारा वर्षं करतेय. लोक येतात आणि म्हणतात, "रोझॅन, किती गोड आहेत गं." कोळी काय गोड असतो? वर्नाच्या टेबलापाशी मात्र कुणी काही म्हणत नसे. नुसते उभे राहत, आणि मग हळू आवाजात किंमत विचारत.

तिने चाळीस वर्षं केस कापायचं दुकान चालवलं. अर्धं गाव तिच्या खुर्चीत बसून गेलेलं. बायका आपल्या वेण्या तिच्याकडे ठेवून जात आणि ती त्यातल्या बारीक बटांना वजनं लावून गोल पाटावर विणत बसे. नेच्याची पानं, पिसं, गव्हाच्या ओंब्या. वर काच, भोवती चांदीची लंबगोल चौकट आणि मागे कपड्याला टाचायची पिन. चौकटीही ती स्वतःच घडवायची आणि त्यासुद्धा माझ्या कामापेक्षा चांगल्या असायच्या. हे मी आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही.

दरवर्षी अकरा ब्रोच विकायला आणि बारावा मधोमध, खाली चिठ्ठी: विकायचा नाही. तो लिनेटच्या केसांचा होता. लिनेट ही वर्नाची एकुलती एक मुलगी. एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. औषधांनी केस जाण्याआधी आईनेच तिची तांबूस वेणी कापून घेतली होती, आणि फोटो सोडले तर त्या मुलीचं म्हणून एवढंच उरलं होतं. लिनेटला हॅलोविनचं भारी वेड. म्हणून वर्ना तिला वर्षातून एकदा कपाटातून काढून हॉलमध्ये आणायची. "तेवढीच ती माणसांत येते," असं म्हणायची. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. मला मात्र वाटायचं, बाई, माझ्या टेबलाचं गिऱ्हाईक पळवायला आता मेलेल्या मुलीलाही घेऊन येतेस का.

सप्टेंबरात समितीच्या नावे पत्र आलं. समितीची चिटणीस मीच, त्यामुळे पाकीट मीच फोडलं. पिट्सबर्गच्या एका मोठ्या दागिन्यांच्या दुकानातले कुणी ऑर्डवे म्हणून गृहस्थ होते. वर्तमानपत्रात वर्नाच्या नेच्याच्या पानाचा फोटो बघून भारावले होते. एका कारागिराला माल मांडायला ते वर्षभर दुकानातलं काचेचं अख्खं कपाट देणार होते. प्रदर्शनाच्या दिवशी तीनला येतो, कृपया बाईंना कळवा. मी पत्राची घडी घातली आणि बाईंना कळवलं नाही.

आमच्याकडे पद्धत अशी आहे. बारा ते एक फक्त देणगीदारांना आत सोडतात. परीक्षकही तेव्हाच फिरतात, म्हणून कलाकारांना हॉलमध्ये थांबायची बंदी. सगळे स्वयंपाकघरात राजमा-खिम्याची चिली खात बसतात. कुणी काही घेतलं की चिटणीस पावती फाडते आणि त्या वस्तूवर लाल टिकली लावते. टिकली लागली की वस्तू विकली गेली, मग त्यावर कुणाचा हक्क चालत नाही. नियम लिहिलाही मीच होता.

प्रदर्शनाला सोंग घेऊन यायचं असतं. मी नन झाले होते. झगा चर्चच्या नाटकातला. वर्ना बुजगावणं झाली होती. तोंडावर गोणपाटाचा मुखवटा, डोक्यावर गवताची टोपी. बाराला मंडळी आत जेवायला गेली, आणि पहिला देणगीदार कोट काढेपर्यंत मी वर्नाच्या टेबलावर टिकल्या लावून मोकळी झाले. हात भराभर चालत होता. ऑर्डवे येईल, सगळं विकलेलं बघेल आणि शेजारच्या टेबलाकडे वळेल. शेजारचं टेबल माझं.

एकला दारं उघडली. वर्ना टेबलाशी गेली, मुखवटा कपाळावर सारला आणि टिकल्या बघून आधी हसली. मग तिचा हात मधल्या ब्रोचवर गेला. ती सरळ माझ्याकडे आली.

"रोझॅन, लिनेटवर टिकली आहे."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. घाईघाईत मी बाराच्या बारा चिकटवल्या होत्या. चिठ्ठी तिथेच होती. पण दहा वर्षं बघत आलेली चिठ्ठी कोण वाचतं?

"चुकून लागली असेल," वर्ना म्हणाली. "काढ ना ती. खाली लिहिलंय मी."

हो गं, चुकलंच, असं म्हणून मी नखाने ती खरवडून टाकू शकले असते. शब्द जिभेवर आलेही होते. पण मी तिचं तोंड पाहिलं. इतकी घाबरलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती, आणि मला वाटलं, टिकल्यांनी काय होणार? तो ऑर्डवे हळहळेल आणि म्हणेल, नवीन करून द्या. घाबरलेली वर्ना मात्र मी सांगेन ते करील.

"एका बाईने संच म्हणून घेतलेत," मी म्हणाले. "बाहेरगावची आहे. घेईन तर बाराही घेईन, नाहीतर एकही नको, असं म्हणाली."

"मग एकही नको. सांग तिला."

"अगं, पावती फाडलीय मी. टिकली लागली की माल तिचा. नियम आहे."

"नियम तूच लिहिलास, आता तूच मोड."

"माझ्या हातात असतं तर मोडला नसता का?" मी तिचा हात धरला. "हे बघ. तीनला येणार आहे न्यायला. तू सगळं गुंडाळ, टेबल रिकामं कर आणि स्वयंपाकघरात जाऊन लोकांना कॉफी दे. मुखवटा काढू नकोस. माल दिसला नाही तर मला तिच्याशी बोलता येईल."

"एवढं करशील माझ्यासाठी?"

"नन आहे ना मी आज," मी म्हणाले, आणि ती बिचारी हसली.

पाच मिनिटांत तिने टेबल रिकामं केलं. अकरा ब्रोच बुटांच्या खोक्यात गेले आणि लिनेटचा तिच्या खिशात. लेस्टर मान वर करून म्हणाला, "सगळं संपलं वाटतं वर्नाचं? माझ्या मांजरीला अजून कुणी ढुंकून बघितलं नाही." मी त्याला म्हटलं, "चंद्र मधोमध काढून बघ."

तीनला पाच मिनिटं असताना करड्या कोटातला एक उंच माणूस दारात उभा राहिला. सोंग न घेता आलेला तो एकटाच होता. मी आधी स्वयंपाकघरात गेले. वर्ना कॉफीच्या पातेल्याशी उभी होती, खोकं पायाशी.

"त्या बाईचा नवरा आलाय," मी सांगितलं. "करडा कोट. तापट दिसतोय. इकडे आला तर नुसती कॉफी दे, एक अक्षर बोलू नकोस."

मुखवट्याच्या भोकांतून तिचे डोळे दिसले. मी बाहेर आले.

ऑर्डवे रिकाम्या टेबलापाशी उभे होते. "वर्ना क्लिंगमन कुठे भेटतील?" त्यांनी विचारलं. माणूस तापट नव्हता. अगदी मऊ आवाजाचा होता.

"तुम्हाला कसं सांगू," मी म्हणाले. "तिने काम सोडलं. हात थरथरतात हो तिचे. आज मांडायला म्हणून आली आणि सगळं गुंडाळून आत जाऊन बसली. ते बुजगावणं आहे ना कॉफी देणारं, तीच वर्ना. जा ना, बघा. फक्त दागिन्यांचा विषय काढू नका, कोसळेल ती."

ते गेले. मी स्वयंपाकघराच्या दारातल्या काचेतून बघत होते. वर्नाने पेला भरला. तिचा हात असा कापत होता की निम्मी कॉफी ओट्यावर सांडली. ऑर्डवेंनी तिच्या हाताकडे पाहिलं. पेला घेऊन तिथेच दोन मिनिटं उभे राहिले. ती भिंतीला टेकली होती, एक हात खिशात. त्यांना तिची दया येत होती आणि तिला त्यांची भीती वाटत होती, आणि दोघंही माझ्या शब्दाला जागून गप्प होते. मला त्या क्षणी लाज वाटली नाही. आपण हुशार आहोत असं वाटलं.

बाहेर आले तेव्हा ऑर्डवेंचे डोळे ओले होते. "उशीर केला मी," ते म्हणाले. मग काही तरी बघायला हवं म्हणून त्यांनी माझा एक कोळी उचलला. मग दुसरा. मी त्यांना खुर्ची दिली, भोपळ्याचा केक दिला, कोळ्याचे पाय कसे वळवते ते दाखवलं. अर्धा तास आम्ही बोलत बसलो. वर्नाला जाऊन सांगायचं, की गेला तो, आता घाबरू नकोस, हे मला सुचलं नाही. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मी तिला विसरूनच गेले होते.

मध्येच हॉलमध्ये घाण वास पसरला. सगळ्यांनी नाकं दाबली.

"चेटकीण जाळतायत," लेस्टर म्हणाला, आणि हशा पिकला. मीही हसले. ऑर्डवे म्हणाले, "प्रदर्शनात वासाचीही सोय केलीय तुम्ही." मला वाटलं, पातेल्याची मूठ जळाली असेल. त्यांनी मला आपलं कार्ड दिलं आणि जानेवारीपासून कपाट तुमचं, असं सांगून गेले.

पाचला टेबलं मिटायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले. वर्ना मुखवटा काढून स्टुलावर बसली होती. खिडकी उघडी होती आणि तरी वासाने उभं राहवत नव्हतं.

"मिटलं," मी म्हणाले. "गेला तो."

"काय म्हणाला?"

"ऐकलं त्याने. तुझा ब्रोच तुझ्याकडे राहिला."

तिने खिशातला ब्रोच काढून तळहातावर ठेवला. मग म्हणाली, "मला वाटलं तो कळून-सवरून आलाय. माझ्या हाताकडे बघत राहिला गं. खिशात काय आहे ते त्याला माहीत आहे, असंच वाटलं मला. तू म्हणाली होतीस ना, घेईल तर सगळे, नाहीतर एकही नाही."

"हो."

"मग मी म्हटलं, एकही नको. उरलेलेच नसले तर संच कसला मागेल?" तिने पायाने खोकं माझ्याकडे सरकवलं. आत अकरा चौकटी होत्या, अकरा काचा आणि गॅसच्या शेगडीवरून खरवडून काढलेली काळी राख. नेच्याची पानं, पिसं, ओंब्या, सगळं तिने एकेक करून जाळलं होतं. "वेळ लागला. ओला असल्यासारखा जळतो केस. पण ती वाचली."

मी खोक्याचं झाकण लावलं. खोटं सांगणाऱ्याला एक सोय असते, पुढचं खोटं आपोआप सुचतं. पण तेव्हा तेही सुचेना.

"चौकटी तू घे," वर्ना म्हणाली. "चांदी आहे. तुझ्या कामाला येईल. एवढं तरी घे गं, तू नसतीस तर माझी पोर आज कुणाच्या कोटावर गेली असती." ती उठली आणि तिने मला मिठी मारली. तिच्या कपड्यांनाही तोच वास होता. मी तिच्या पाठीवर थोपटलं.

मी खोकं घेतलं. नको म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं.

ऑर्डवेंच्या दुकानात माझं कपाट वर्षभर राहिलं. त्या अकरा चौकटींत मी काचेखाली अकरा कोळी बसवले आणि तेच सगळ्यांत आधी संपले. पिट्सबर्गची बातमी कळली तेव्हा वर्ना माझ्यासाठी सफरचंदाचा केक घेऊन आली आणि म्हणाली, तुझ्या कामाचं चीज झालं, मला फार बरं वाटलं. आता ती विणत नाही. प्रदर्शनालाही येत नाही, लिनेटला घराबाहेर काढायची तिला भीती वाटते. रविवारी चर्चमध्ये कुणी नवीन माणूस भेटला की ती माझा हात धरून त्याला सांगते, हिने माझी मुलगी वाचवली. मी हात सोडवून घेत नाही.