शुद्ध करून आणावे

चन्नवीर मास्तरांच्या लाल शाईपुढं सोलापुरातले भलेभले लेखक गार पडत. मंगळवार पेठेतल्या प्रकाशकाकडं कुणाचंही हस्तलिखित आलं, की ते आधी मास्तरांकडं वाचायला जायचं. मास्तर 'चालेल' म्हणाले तर छपाई, नाहीतर रामराम!

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर वळसंगच्या सोजरबाईच्या तीन वह्या त्यांच्याकडं आल्या. बाई गावात बालवाडी चालवायची. दुष्काळात मात्र तिनंही सगळ्यांबरोबर सरकारी सुकडी खाऊन सरकारी कामावर खडी फोडली होती, आणि तिथल्या बायांची कादंबरी लिहून काढली होती. बाया बोलतात तश्शी. मास्तर वाचायला बसले ते जेवण विसरले. बजाबाईचं तीन वर्षांचं पोर कामावरच दगावतं, आणि ती त्याला हलवत म्हणते, "ऊठ की रं माज्या राजा. खडी फुटली, सुकडी आली, आता तरी ऊठ की." तिथं मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

आणि मग काय केलं या शहाण्यानं? पेन उचलला, पानोपानी रेघा ओढल्या आणि शेवटी शेरा मारला : 'अनुभव बरा. भाषा ग्राम्य. सर्व मजकूर शुद्ध मराठीत पुन्हा लिहून आणावा.' डोळे पुसल्याचं एका अक्षरानं कळवलं नाही.

आठ महिन्यांनी सोजरबाई अक्कलकोटच्या एस.टी.तून उतरून थेट मास्तरांच्या दारात. हातात चांगला साडेतीनशे पानांचा गठ्ठा! "नमस्कार, गुरुजी. आपण सांगितल्याप्रमाणे सर्व शुद्ध केलेलं आहे," ती म्हणाली. नवी चप्पल घालून चालावं तशी एकेक शब्द जपून टाकत होती.

मास्तरांनी बजाबाईचं पान काढलं. 'बाळा, ऊठ. खडी फोडून झालेली आहे. पौष्टिक आहारही आलेला आहे. आता तरी ऊठ.'

मास्तरांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. अरे देवा, हे आपण केलं! पोर दुष्काळानं नेलं होतं, पण बजाबाईला आपणच मारलं.

"सोजरबाई," ते कसंबसं म्हणाले, "त्या जुन्या वह्या आणून देता का? त्याच छापायला देऊ."

"त्या बंबात घातल्या, गुरुजी." बाई अभिमानानं हसली. "अशुद्ध वस्तू घरात कशाला ठेवायची?"

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मास्तरांना झालं. 'छान झालंय' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण आधी केलं तेवढं पाप पुरे होतं. "चूक माझी झाली," ते म्हणाले. "पहिलं लिखाण सोनं होतं. मी वाचताना रडलो होतो, बाई. यात जीव नाही. पुन्हा तुमच्या बोलीत लिहाल?"

सोजरबाईचं हसू मावळलं. तिनं गठ्ठा आपल्याकडं ओढून घेतला, आणि ती बोलली तेव्हा शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेली होती.

"न्हाई जमायचं. आता लिवाय बसलं की तुमी म्होरं येऊन बसताय. बजाबाईनं तोंड उगडायच्या आदीच तुमी रेघ वडताय." मग तिनं वर पाहिलं. "रडला हुता, तर तसं लिवलं का न्हाई?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

मास्तरांची मान खाली गेली. "आमच्या घरात कानडी. आईचं मराठी मोडकंतोडकं. मी पुण्याला कॉलेजात होतो, तेव्हा ती वसतिगृहावर भेटायला आली. तिचं बोलणं ऐकून पोरं हसायला लागली. मी त्यांना सांगितलं, ही आमच्या गावची कुणी बाई आहे. तिच्यासमोर सांगितलं. तेव्हापासून असं बोलणं कागदावर दिसलं, की मी ते खोडून टाकतो."

"तुमची लाज तुमच्यापाशी ठिवायची हुती की, गुरुजी," सोजरबाई म्हणाली. "माज्या वह्यात कशाला घातली?"

बाईनं पदरानं तोंड पुसलं, गठ्ठ्यातलं शेवटचं पान उलटं करून मांडीवर घेतलं आणि पेन उघडला.

"तुमाला आठवतंय त्येवढं सांगा. मी लिवून घेती."

मास्तर बजाबाईचं ते बोलणं बोलले. सोजरबाईनं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि पेन तसाच धरून ठेवला.

"फुडं?"

फुडचं मास्तरांना एक अक्षर आठवेना.