सात नंबरचं पाणी

गाडी-गाडी करणाऱ्या माणसांचा मला उबग आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. आमचा जावई, थोरलीचा नवरा, त्यातलाच. रविवार उजाडला की त्याच्यासारखेच आठ-दहा जण मोटारी घासूनपुसून चकचकीत करतात आणि एकमेकांच्या बॉनेटात डोकी खुपसून उभे राहतात. पोराला पहिला दात आल्यावर बायका बघतात ना, तसे.

त्या रविवारी जावयाने हे सगळं लटांबर कारखान्याच्या इंजिन-शेडमध्ये आणलं. साहेबांची परवानगी काढली होती. शेडमध्ये माझी थोरली फिटर आहे. अख्ख्या कारखान्यात एकच डिझेल इंजिन, रुळावरून दगडाने भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ओढणारं, आणि ते तिच्या ताब्यात. तिच्या आधी ते तिच्या वडिलांच्या ताब्यात होतं आणि बावीस वर्षं ते पुसायचं काम माझं. शाळा मी तिसरीत सोडली, पण हे इंजिन कुठे तेल गाळतं ते मला झोपेतून उठवून विचारा.

इंजिन आता म्हातारं झालंय. मोठं काही मोडलं तर दुरुस्ती नाही, कापून भंगारात घालू, असं साहेबांनी थोरलीला तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे शेडला कुलूप आणि तिच्या हातातला पाना गेला. तीन आठवडे ते बंद उभं होतं. पाहुणे येणार म्हणून तिने मला पुसायला बोलावलं. मी सकाळी सातपासून चिंध्या घेऊन आत होते.

पाहुणे आले. बूट असे पांढरे, की पाय मांजरासारखे उचलून टाकत होते. एकाने नाकाला रुमाल लावला. डिझेलचा वास सोसत नाही आणि म्हणे इंजिनांचे शौकीन!

"आजी, याला गिअर किती?" एका टोपीवाल्याने विचारलं.

"एकही नाही."

"मग क्लच?"

"तोही नाही. तुमच्या मोटारीत इंजिन चाकाला जुंपलेलं असतं. इथे इंजिनाची आणि चाकाची तोंडओळखसुद्धा नाही. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज करतो आणि ती वीज खाली प्रत्येक आसावरच्या मोटरला जाते. चाक फिरवते ती मोटर. आणि जागेवर उभी असते ना, तेव्हाच तिचा जोर सगळ्यात जास्त."

"पॉवर?"

"बाराशे घोडे."

"एवढीच?" टोपीवाला हसला. "माझ्या एकट्या गाडीला तीनशे आहेत. चार गाड्या जोडल्या की झालं!"

"जोडा की. आणि हजार टनांच्या वाघिणी जागच्या हलवून दाखवा. क्लच जळून असा घाण वास सुटेल की सगळ्यांचे रुमाल पुरायचे नाहीत. अहो, घोडे पळायला लागतात. ओढायला अंगात वजन लागतं. याचं सत्तर टन आहे, म्हणून चाक रूळ धरून राहतं. तरी घसरलंच तर चाकापुढे वाळू सोडायची."

त्याने मान डोलावली आणि इंजिनाला पाठ लावून स्वतःचा फोटो काढला. मी नुकतीच पुसलेली जागा होती ती.

तेवढ्यात जावई वर ड्रायव्हरच्या खुर्चीत जाऊन बसला. खिडकीतून ओरडला, "बरोबर अकराला सुरू करतो! पहिला धूर चुकवू नका!"

आता इथे एक नियम आहे. इंजिन बरेच दिवस उभं राहिलं की सुरू करण्याआधी बार फिरवायचा. बाराही सिलिंडरांचे छोटे कॉक, म्हणजे तोट्या, उघडायच्या आणि लांब लोखंडी बार घालून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. कुठे चीर पडून आत पाणी झिरपलं असेल तर ते कॉकमधून बाहेर पडतं. तसंच बटण दाबलं आणि आत पाणी असलं, तर पिस्टन वर येऊन अडतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग दंडाएवढा जाड रॉड वाकतो आणि इंजिनाचा निकाल लागतो.

भिंतीवरच्या फळ्यावर थोरलीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बार झाला'. एवढं मला वाचता येतं. आणि बार खुंट्यांवर होता, त्यावर बोटभर धूळ.

मी तिला कोपऱ्यात घेतलं. "हे कधी झालं गं?"

"आई, हळू."

"मी सातपासून इथे आहे. बार काय भुताने फिरवला?"

"अगं, तो सगळ्यांना अकरा सांगून बसलाय. त्यात अर्धा तास जातो. आणि गेल्या दहा खेपांत एक थेंब तरी आलाय का? चारचौघांत त्याचं हसं व्हायला नको."

त्या पांढऱ्या बुटांची किळस झटकून टाकता येते. ही पोटच्या पोरीची, कुठे झटकू? आणि शिकवण कुणाची? माझीच. लग्नात मीच कानात सांगितलं होतं, नवऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावू नकोस. नवऱ्याचं सांगितलं होतं, फळ्यावर खोटं लिहायचं नव्हतं सांगितलं.

मी बार खुंट्यांवरून ओढला. दणकन खाली पडला, सगळे वळले.

"तीनशे घोड्यांचे मालक कुठे आहेत? या पुढे. एवढं फिरवून द्या."

"सासूबाई, हे काय आता?" जावई वरून म्हणाला. एरवी आई म्हणतो. "कोणत्या गाडीला असं करतात?"

"जावईबापू, ही गाडी नाही. तुम्ही बसा निवांत, खुर्ची छान आहे."

थोरलीने माझ्याकडे असं बघितलं की जाळून टाकेल. पण गेली, एकेक करून बाराही कॉक उघडले. टोपीवाला आणि आणखी तिघे बारला लटकले. व्यायामशाळेत कमावलेले दंड, पण पहिल्या पाव फेऱ्यात चौघेही धापा टाकायला लागले. कॉकमधून हवा सुस्कारत होती. एक, दोन, तीन... सगळे कोरडे. जावई खाली उतरून सात नंबरच्या सिलिंडरसमोर येऊन उभा राहिला, घड्याळ दाखवत. "बघा, काही नाही. उगाच..."

सात नंबरने पिचकारी मारली. गढूळ, तांबूस पाणी, थेट त्याच्या बुटांवर.

कुणी हसलं नाही. थोरलीने ते पाणी दोन बोटांत चोळलं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

"बरं झालं," जावई बूट झटकत म्हणाला. "निघालं ना आता पाणी? मग लाव की. पाच मिनिटं फक्त. ही माणसं लांबून आलीत गं."

मी तोंड उघडणार होते. ओठ दाबून धरले. हे तिने म्हणायचं होतं.

"आत चीर आहे," थोरली म्हणाली. "आत्ता निघालं, पुन्हा भरेल. नाही लावणार."

"एकदाच."

"नाही म्हटलं ना! यांना बाहेर ने."

तिने बॅटरीचा स्विच ओढून काढला आणि फळा तळहाताने पुसून लिहिलं: सात नंबरला पाणी, इंजिन सुरू करू नये. खाली सही. पाहुणे गेले. जावईही त्यांच्या मागोमाग, गाडीचं दार आपटून. गाड्यांवर इतकं प्रेम, आणि दार असं आपटायचं!

थोरलीने फोन काढला. "साहेबांना सांगते. आधी खोटं लिहिलं होतं ते पण."

"पुसलंस की ते," माझ्या तोंडून निघून गेलं. "आता कशाला सांगतेस?"

तिने माझ्याकडे पाठ केली आणि नंबर लावला. बावीस वर्षं काजळी पुसली, पण एवढी घाण मला स्वतःची कधी वाटली नव्हती.

साहेब पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ती दोनदा "हो साहेब" म्हणाली आणि एकदा, "नाही, नवऱ्याने नाही. मीच लिहिलं."

"उद्या नऊला बोलावलंय," फोन ठेवून ती म्हणाली. "तोवर सातचं हेड उतरवून ठेवते, म्हणजे चीर दाखवता येईल. तू घरी जा."

मी गेले नाही. सातच्या खाली पाणी पसरलं होतं, त्यावर तेल तरंगत होतं, आणि त्यात पांढऱ्या बुटांचे ठसे. मी चिंधी घेऊन खाली बसले.