सेनापतींविषयी खरं ते

शाळेत त्यांना सगळे इतिहासाच्या बाई म्हणत, आणि इतिहासाच्या बाईंना खोटं खपत नसे. शिपायाने घंटा उशिरा दिली आणि खापर घड्याळावर फोडलं, तरी ते त्यांना दिवसभर टोचत राही. नवऱ्याने न आवडलेली भाजी आवडली म्हटलं, की त्या ताटावरून उठेपर्यंत त्याच्याशी बोलत नसत.

सहावीच्या पुस्तकात सेनापतींवर एक लांबलचक धडा होता. गावाला पडलेला वेढा त्यांनी कसा फोडला, उपाशी लोकांना धान्याची कोठारं कशी उघडून दिली, सगळं त्यात होतं. चौकात त्यांचा पुतळा होता, दवाखान्याला त्यांचं नाव होतं, शाळेलाही होतं. पण वाचनालयातल्या एका जुन्या जाडजूड इतिहासात बाईंना कधीतरी एक ओळ सापडली होती: शरण आलेल्यांना जीवदानाचं वचन देऊन सेनापतींनी त्यांना नदीकाठी ठार केलं. तेवढंच. ती ओळ कित्येक वर्षं माशाच्या काट्यासारखी त्यांच्या घशात अडकून होती. यंदा ती मुलांना सांगायचीच, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी हेडसरांना आधी कळवलं, कारण पाठीमागून काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. निवृत्तीला आलेले हेडसर कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणाले, "खोटं शिकवा असं मी म्हणत नाही, बाई. पण मूठ झाकलेली असते, ती झाकलेलीच बरी."

"मोठी माणसंही चुकतात हे मुलांना आत्ताच कळलं, तर पुढे ती आंधळेपणाने कुणाच्या पायाशी बसणार नाहीत."

"मग बेताने सांगा," हेडसर म्हणाले आणि कागदांत डोकं घालून बसले.

बाई बेतानेच सांगणार होत्या. वर्गात त्यांनी ती ओळ सांगितली, वचन मोडणं म्हणजे काय ते समजावलं, आणि पुस्तक मिटायला घेतलं, तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या सुताराच्या मुलीने हात वर केला.

"कसं मारलं, बाई?"

ते कुठे लिहिलेलं नाही, असं बाई म्हणणार होत्या. पण त्यांच्या तोंडून निघालं, "वाळूत गुडघ्यांवर बसवून." वाळूत, कारण वाळू रक्त पिऊन घेते आणि मारणाऱ्याचे पाय घसरत नाहीत. पहिला वार सेनापतींनी स्वतः केला. तो वर, कवटीवर बसला आणि माणूस कुशीवर पडून बोलतच राहिला, अगदी साध्या आवाजात, गायीची धार काढायची राहिली आहे असं काहीतरी. मग सेनापती शिकले. डोकं पुढे दाबून धरायचं, म्हणजे मानेच्या हाडांमधली फट उघडते, आणि वार किंचित तिरका घ्यायचा. उन्हं कलली तोवर त्यांच्या तळहाताला फोड आले होते, आणि त्या सबंध दिवसात त्यांना वैताग आला तो फक्त त्या फोडांचा.

घंटा झाली तरी एकही मूल उठलं नाही.

बाईंचे यजमान हाडांचे डॉक्टर होते. जेवताना बाईंनी त्यांना ती हकिकत थोडी हसतच सांगितली. ते घास हातात धरून थांबले.

"मान पुढे वाकवली की मणक्यांमधली फट उघडते, हे बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे तुला सांगितलं कुणी?"

"वाचलं असेल कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयातलं ते पुस्तक पुन्हा काढलं, त्याच्या आजूबाजूची पुस्तकंही काढली. ओळ एकच होती. तिच्यात वाळू नव्हती, गाय नव्हती, फोड नव्हते. बाई तिथेच बाकावर बसून राहिल्या. आपण खोटं बोललो, याची त्यांना लाज वाटायला हवी होती. पण सांगताना खोटं बोलल्यासारखं मुळी वाटलंच नव्हतं. जुनी ओळखीची गोष्ट आठवावी तसं ते एकामागून एक आलं होतं, आणि खरं सांगायचं तर, सांगताना त्यांना बरं वाटलं होतं.

त्यांनी मुलांपुढे चूक कबूल करायचं ठरवलं. त्याच्या पुढच्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तेव्हा मुलं आधीच जागेवर बसलेली होती. कुणाचा दंगा नव्हता, कुजबुज नव्हती.

"परवा मी जे सांगितलं ते पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या. "ते मी माझ्या मनाचं घातलं. माझी चूक झाली."

मोठं माणूस विनयाने काही बोलत असलं की आपण ज्या समजुतीने ऐकून घेतो, त्या समजुतीने मुलांनी ते ऐकून घेतलं.

"नाही बाई," सुताराची मुलगी म्हणाली, "ते खरंच आहे."

"शेवटचा राहिलाय," मागच्या बाकावरून गट्टू म्हणाला. वर्गातला सगळ्यात गुबगुबीत, सगळ्यांना हसवणारा मुलगा. "त्याचं सांगा ना."

शेवटच्याविषयी बाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पण तो त्यांना माहीत होता. नुकतं मिसरूड फुटलेला एक पोरगा. त्याने मान खाली घातली नाही. तो कसा बसला होता ते दाखवायला गट्टू आपणहून पुढे आला आणि मित्रांकडे बघून दात काढत फळ्याखाली गुडघ्यांवर बसला. बाईंनी रेघा मारायची लांब लाकडी पट्टी हातात घेतली, फक्त दाखवण्यापुरती.

"तो दयेची भीक मागत नव्हता," बाई सांगू लागल्या. "नुसता बघत होता. पहिल्यापासूनचं सगळं त्याने पाहिलं होतं, आणि पाहणारे डोळे सेनापतींना सहन होईनात. म्हणून मानेवर नाही. आधी खांद्यावर."

वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

बाईंच्या हातात अर्धीच पट्टी होती. उरलेली अर्धी बाकाखाली गेली होती. गट्टू जमिनीवर आडवा होता. त्याचा खांदा भलत्याच ठिकाणी खचला होता, कानामागून रक्त येऊन कॉलरमध्ये मुरत होतं, आणि तोंड सताड उघडं असूनही त्यातून आवाज निघत नव्हता. दुसरा वार त्यांनी कधी केला ते बाईंना आठवेना. वर्गात कुणी किंचाळलं नाही, कुणी रडलं नाही. सगळे बघत होते.

त्यांनीच त्याला उचललं, त्याच धावत दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेल्या, "मी मारलं. मी मारलंय त्याला." लोक त्यांना आधार देऊन खुर्चीत बसवत होते.

हेडसरांनी एकेका मुलाला वेगळं बोलावून विचारलं. प्रत्येकाने सांगितलं, गट्टू पाय घसरून टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला, पट्टी त्याच्या अंगाखाली मोडली. शुद्धीवर आल्यावर गट्टूनेही तेच सांगितलं. त्याच्या आईने बाईंचे दोन्ही हात धरले. "तुम्ही धावत आणलंत म्हणून माझं लेकरू वाचलं," असं म्हणत ती रडत राहिली, आणि बाईंना हात सोडवून घेता येईनात.

यजमानांनी एक्स-रे उजेडासमोर बराच वेळ धरला.

"पडून हाड असं मोडत नाही," ते म्हणाले.

"मी तेच सांगतेय ना तुला."

त्यांनी तो पाकिटात घातला. बाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. "मुलगा पडलो म्हणतोय. तू दमली आहेस."

हेडसर तर हात जोडून म्हणाले, "इतक्या वर्षांत तुमच्यावर एक ठपका नाही, बाई. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

खोलीत कुणी नाही असं पाहून बाई गट्टूच्या खाटेशी गेल्या. त्याचा चेहरा सुजून निळा झाला होता.

"बाळा, तू खरं का सांगत नाहीस?"

गट्टूने थोडा विचार केला. "तुम्ही चांगल्या आहात, बाई," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

काही दिवसांच्या सुट्टीनंतर बाई शाळेत गेल्या त्या एकच गोष्ट मनाशी धरून. मोठी माणसं ऐकत नसतील तर मुलांनाच सांगायचं, धडा म्हणून सांगायचं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. फळ्याकडे पाठ करून, हात मोकळे सोडून त्या उभ्या राहिल्या.

"तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. गट्टू पडला नाही. मी त्याला मारलं. चांगल्या म्हणवणाऱ्या माणसांच्या हातून असं होतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी ते बोलायचं असतं. यापलीकडे मला तुम्हाला काहीही शिकवायचं नव्हतं."

आता कुणीतरी रडेल, चिडेल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. मुलं ऐकत होती, तशीच, पापणी न हलवता. मग सुताराची मुलगी उठली आणि दाराकडे निघाली. ही हेडसरांना बोलवायला चालली आहे, अशा विचाराने बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांना तिचं कौतुकही वाटलं.

मुलीने दार लोटलं आणि निजलेल्या तान्ह्या बाळाची झोप मोडू नये इतक्या हळूच आतून कडी सरकवली.

तिसऱ्या बाकावरच्या एका हडकुळ्या मुलाने डोळ्यांवरचा चष्मा काढला, काड्या नीट दुमडून तो डबीत ठेवला, डबी शेजारच्याकडे सांभाळायला दिली, आणि पुढे येऊन तो फळ्याखाली गुडघ्यांवर बसला.