दोन डाव्या बाह्या

मी एक जुनी कात्री आहे. कागद कापणारी चिमुकली नव्हे, मित्रांनो! चांगली वीतभर लांब, हातात घेतली की वजन जाणवणारी, शिंपीकामाची कात्री. एका लोहाराने मला भट्टीत तापवून, ठोकून घडवले आणि तेव्हापासून मी एकाच बाईंच्या हाती आहे. सगळे त्यांना टेलरबाई म्हणतात.

बाईंना सगळ्यांची मापे तोंडपाठ होती. कुणाचा खांदा उतरता, कुणाचे पोट वर्षागणिक पुढे सरकते, वही उघडावी लागत नसे. गिऱ्हाइकांनी वाहवा केली की त्या मला उंच धरून म्हणत, “कौतुक हिचं करा, मी नुसती धरते!” मला कोण आनंद होई.

मग बाईंना महिनाभर ताप आला. ताप गेला, पण डोक्यात धुके ठेवून गेला. हातात खडू असताना त्या खडू शोधत. एकदा त्यांनी एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. काज-बटणे करणारी त्यांची धाकटी बहीण हसू दाबत म्हणाली, “ताई, आता दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक शोधावं लागणार!”

बाई हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. “काही सुचतच नाही गं. डोक्यात कापूस कोंबल्यासारखं झालंय. आता दुकान बंद करू या.”

मला फडक्यात गुंडाळून त्यांनी खणात टाकले. तिथल्या अंधारात माझ्या पात्यावर गंजाचा ठिपका उठला. त्याहून जास्त दुःख बाईंच्या गप्प बसण्याचे होते.

बहीण मात्र गप्प बसणारी नव्हती. तिने ताईला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, तर लोह फार कमी निघाले. गोळ्या सुरू झाल्या. परत आल्यावर बहिणीने चिठ्ठी मोठ्याने वाचली, ती मी खणातून ऐकली. पुरेशी झोप, रोज चालणे, एका वेळी एकच काम आणि लक्षात ठेवायचे ते लिहून ठेवणे.

“मी लिहून ठेवू? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, कपडा अंगाला छान बसला!”

दोन-अडीच महिन्यांनी निवृत्त पोस्टमनकाका आले. त्यांच्या आईने मागावर विणलेले निळे कापड त्यांनी जपून ठेवले होते. लेकीच्या पदवीदानाला त्याचाच कोट घालायचा होता. “बाई, एवढंच आहे. आणि वर्षानुवर्षं पिशवी वाहून माझा हा खांदा खाली आलाय. तुम्हीच शिवाल तर शिवाल.”

बाईंचा चेहरा उतरला. पण बहिणीने आधीच मला धार लावून आणले होते!

बहिणीने रेडिओ बंद केला. बाई माप मोठ्याने सांगत, बहीण लिहून घेई. आधी कागदावर आकार काढला, मग कापडावर खडूने ‘उजवी’, ‘डावी’ असे ठळक लिहिले. कापता कापता आम्ही निम्म्यात आलो आणि बाईंचा हात थांबला. धुके पुन्हा उतरले होते. माझ्या पात्यांमध्ये ते एकुलते एक कापड! पूर्वीच्या बाईंनी रेटून नेले असते. या वेळी त्यांनी मला अलगद खाली ठेवले, घोटभर पाणी घेतले, गल्लीत एक फेरी मारली. परत येऊन वहीतला आकडा वाचला आणि उरलेले कापड सरळ रेषेत कापले.

कोट घालून काका आरशासमोर उभे राहिले. खाली आलेला खांदा कुठला, ते मलाही ओळखता येईना. काकांनी स्वतःलाच सलाम ठोकला! तिघेही पोट धरून हसले.

अजूनही एखाद्या दुपारी बाईंना काही सुचत नाही. तेव्हा दाराला पाटी लागते, ‘बाई आराम करत आहेत.’ कुणी कुरकुर करत नाही.

मित्रांनो, माझी धार गेली तेव्हा माझ्यावर कुणी रागावले नाही. मग आपल्या घरातले कुणी विसरू लागले, गोंधळू लागले, तर त्याच्यावर तरी का रागवायचे? त्याला झोपू द्या, डॉक्टरांना दाखवा आणि त्याला शब्द सापडेपर्यंत थोडे थांबा. स्वतःच्या डोक्यालाही असेच जपा.

चला, बाई गुणगुणत आल्या आहेत. टेबलावर पिवळेधमक कापड पसरले आहे. त्यांनी अंगठा अडकवला, आणि... कच्‌!