चौदावरून आठ

परदेशातून आईवडिलांविना एकट्या आलेल्या मुलांच्या वसतिगृहात मी दर महिन्याला तपासणीला जाते. मूल नव्या देशाशी किती जुळले, याचे मी वीसपैकी गुण देते. पंधरा मिळाले की त्याची रवानगी एखाद्या कुटुंबात होते.

अकरा वर्षांच्या त्या मुलीला गेल्या खेपेस चौदा मिळाले होते. आज मात्र ती मान वर करीना आणि इथल्या भाषेतला एकही प्रश्न तिला कळेना. तिची बाही धरून तिचा पाच वर्षांचा भाऊ बसला होता. त्याचे गुण सहा.

स्वयंपाकाच्या मावशी चहा ठेवता ठेवता कुजबुजल्या, "बाई, नाटक करतेय बया! सकाळीच भाजी खारट म्हणून माझ्याशी भांडली. तेही इथल्या भाषेत, तोंड वर करून."

"खारट होती का?"

"होती जराशी. पण पोरीनं बोलावं का?"

"काल काही घडलं?"

"अधीक्षक म्हणाले तिला, आणखी एक गुण मिळव, मग तुला घर. धाकटा राहील इथंच."

मी ऐकीव पुरावा ग्राह्य धरत नाही. समोर दिसते तेवढेच नोंदवते. मी आठ गुण लिहिले आणि शेरा दिला: 'प्रगती नाही. पुढील महिन्यात पुन्हा पाहावे.'

मुलीने समोरूनच तो उलटा दिसणारा आकडा वाचला. मग वाकून तिने भावाच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. मी पुढच्या मुलाला आत बोलावले.