पांढरी लव

"मावशी, हा प्रयोग फसला. उद्या हे पिंजरे रिकामे करा," संशोधक मॅडम म्हणाल्या.

मावशी एकवीस वर्षं प्रयोगशाळेतल्या उंदरांचं सगळं बघत होत्या. भुसा, दाणा, पाणी. पाठीवर जखम केलेले हे काळे उंदीर महिनाभर त्यांच्याच हाताखाली होते. जखमा भरल्या होत्या, पण एकाही फोटोत नवे केस दिसत नव्हते.

"फसला कसा? तिसऱ्या नि पाचव्या पिंजऱ्यात आलेत की केस."

"कुठे? मला तर टक्कलच दिसतंय."

"काळे शोधताय तुम्ही. पांढरे आलेत."

मावशींनी एक उंदीर अलगद तळहातावर घेतला आणि दिव्याखाली तिरका धरला. भरल्या जखमेच्या मधोमध बारीक पांढरी लव उभी होती. मॅडमनी चष्मा कपाळावर सारला, भिंग लावून कितीतरी वेळ पाहिलं आणि मग धावत जाऊन कुठल्या पिंजऱ्यात कुठले उंदीर, त्याची यादी आणली. बाकीच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांच्या एका प्रकारच्या संरक्षक पेशी त्यांनी आधीच काढून टाकल्या होत्या. तिसऱ्या नि पाचव्यात त्या शाबूत होत्या.

"रोगजंतूंशी लढतात ना, त्या पेशी," मॅडम म्हणाल्या. "नुसता पहारा देत नाहीत त्या. जखम भरताना केसांना उगवायचा निरोपही त्याच देतात, असं दिसतंय."

"माणसाला येतील असे?"

"अजून तरी नाही. का हो?"

"लेक पाच वर्षांची होती. उकळतं पाणी सांडलं डोक्यावर. कानामागे वण आहे, तिथे केसच नाहीत." मावशींनी हातातला उंदीर परत पिंजऱ्यात ठेवला. "पातेलं माझ्याच हातातलं."

मॅडमनी नोंदवही पुढे केली. "निरीक्षण तुमचं आहे. सही तुम्हीच करा."

मावशींनी हात दोनदा पुसले आणि सावकाश सही केली.

संध्याकाळी लेक कामावरून आली. सगळं ऐकून हसली. "चला, उंदरांचं तरी नशीब उजळलं!"

"तुझं नाही ना उजळलं."

"आई, तो वण वीस वर्षं तूच बघतेयस. मला कुठे दिसतो?" तिने फणी आईच्या हातात दिली आणि पाठ करून बसली. "उंच बांध. उकडतंय."

मावशींचा हात सवयीने केस कानामागच्या वणावर ओढायला गेला. मग त्यांनी ते सगळे वर घेतले आणि घट्ट बांधले.