तळहातावरचं स्तोत्र

सासूबाईंनी तांब्याचं पातेलं लहानग्या लापोच्या पाठीमागे दाणकन आपटलं. दोरखंडांवर निजलेली मांजर उडून पळाली. लापो मात्र दोरीचा तुकडा चघळत तसाच बसून राहिला.

"बघितलंस, तेसा?" बेर्ताबाई म्हणाल्या.

"खेळात रमलाय हो तो." तेसाने लेकाला उचललं. "चर्चमध्ये धर्मबंधू गायला लागले की रडं थांबतं त्याचं. मान वर करतो."

"तुझ्या मनाचे खेळ, पोरी."

"मग आज चला की. तुम्हीच घ्या त्याला कडेवर."

बोलून गेली खरी, पण बोलोन्या शहराच्या कमानींखालून जाताना तिची पावलं रेंगाळत होती.

चर्चमध्ये दिवसाची शेवटची प्रार्थना आटोपली. वेदीपुढच्या आडभिंतीपलीकडून धर्मबंधू रोजच्यासारखे मेणबत्त्या घेऊन लोकांत आले आणि मरियामातेचं स्तोत्र सुरू झालं. वाद्य नाही, ताल नाही. सगळ्या गळ्यांतून एकच सूर संथपणे वर चढत होता. तेसाही गाऊ लागली. त्यातलं लॅटिन तिला कळत नसे. पण आईला हाक मारायला अर्थ कशाला लागतो?

बेर्ताबाईंच्या कडेवर लापो किरकिरतच राहिला. धर्मबंधूंनी शिंपडलेल्या पवित्र पाण्याचे थेंब तोंडावर उडाले तेव्हा तेवढा दचकला. गाणारे अगदी जवळून गेले, तरी मान वळली नाही.

"द्या इकडे," तेसा कशीबशी म्हणाली.

तिने त्याला छातीशी घट्ट धरलं आणि फुटक्या आवाजात पुन्हा गाऊ लागली. लापो गप्प झाला. त्याचा तळहात तिच्या गळ्याखाली येऊन टेकला. मान वर झाली.

म्हणजे इतके दिवस तो धर्मबंधूंचं ऐकतच नव्हता. तिच्या छातीतली थरथर हाताने घेत होता.

"त्याला ऐकू येत नाही, आई." ती सासूबाईंना म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

बेर्ताबाईंनी आपली शाल नातवाच्या पायांवर ओढली. "थांबू नकोस गं. बघतोय तो तुझ्याकडे."

कान मागायला आले होते, माते, तेसाच्या मनात आलं. तू हात देऊन ठेवलेस, ते मीच बघितलं नव्हतं.

स्तोत्र संपलं. धर्मबंधू आत गेले. म्हातारा सेवक एकेक मेणबत्ती विझवत सासू-सुनेपर्यंत आला.

"जरा थांब रे बाबा," बेर्ताबाई हळूच म्हणाल्या. "आमचं अजून संपलं नाही."

त्याने हात खाली घेतला. तेसाने पहिल्यापासून सुरुवात केली.